घरटी पाच भाकरी

मी, विमल कारभारी भिंगारदिवे, वय अडुसष्ट, अविवाहित, धंदा वर्तमानपत्रे विकणे व भाषणे करणे, राहणार राजूर, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डॉक्टर कल्याण वाकचौरे यांनी आजच मला तपासले. मन ठिकाणावर आहे, रक्तदाब थोडा वर आहे. त्याचे कारण आजार नसून आमचे वकील गोरक्ष शेटे आहेत, हे त्यांच्यासमोर बसूनच लिहीत आहे.

गोरक्ष वकिलांनी कच्चा मसुदा करून आणला होता. त्यात पहिल्याच ओळीत "हल्ली मुक्काम राजूर, मूळ राहणार जामखेड" असे होते. मी विचारले, "गोरक्ष, हल्ली म्हणजे कधीपासून?"

"बाई, कागदाची पद्धत असते."

"मी नव्याण्णव सालापासून इथे आहे. मुक्काम एसटीच्या गाडीचा असतो. सकाळी उठून ती निघून जाते. मी गेले का कुठे?"

"गेला असतात तर माझं काम सोपं झालं असतं," असे ते पुटपुटले, आणि ती ओळ खोडली. म्हणून वर फक्त "राहणार राजूर" आहे. पुढे कोणी वारस म्हणवणाऱ्याने या दोन शब्दांवर शंका काढू नये.

हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आयुष्यात तसे प्रयत्न एका कारखान्याने, दोन-तीन पुढाऱ्यांनी आणि माझ्या सख्ख्या आईने केले. कोणालाच जमले नाही.

मिळकतीची व्यवस्था सांगण्याआधी ती माझ्याकडे कशी आली हे सांगणे जरूर आहे. माझा जन्म जामखेड तालुक्यातला. आमच्या घराण्याने छप्पन्न साली बौद्ध धम्म स्वीकारला आणि मी पुढच्या वर्षी जन्मले. वडील म्हणायचे, "आम्हाला व्हावं लागलं, तू जन्मालाच आलीस बौद्ध. तुला वाकायचं कारण नाही." मी ते जरा जास्तच मनावर घेतले. वडील रस्त्याच्या कामावर होते. रस्ता पुढे सरकला की आमचे पाल उठायचे. घर म्हणजे काम संपेपर्यंत उभी राहणारी वस्तू, अशीच माझी समजूत होती. पुढे सुप्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. दुपारच्या सुट्टीत बायकांना वाचून दाखवायचे, मग बोलायचे, मग गेटवर बोलायचे. शेवटी गेटच्या आत येऊ नये असे मला कळवण्यात आले.

राजूरला मी एका भाषणासाठी आले. रोपवाटिकेत रोजाने काम करणाऱ्या बायकांची सभा बाजारतळावर होती. संगमनेरची शेवटची गाडी समोरच उभी होती आणि तिचे चालक-वाहक खाली उतरून भाषण ऐकत होते, म्हणून मी निर्धास्त होते. बोलता बोलता एसटीच्या भाडेवाढीवर आले. टाळ्या पडल्या. ते दोघे मुकाट्याने गाडीत बसले आणि गाडी घेऊन गेले.

तेव्हा साळूबाई नवले माझ्याजवळ आली. आम्ही एकमेकींना ओळखतही नव्हतो. म्हणाली, "आता कुठं जातीस? चल घरी."

त्या वयापर्यंत मला पुष्कळ अंगणे माहीत झाली होती. नाव, गाव, मग आडनाव विचारतात, आणि आडनाव कळले की पाणी वरून ओततात. म्हणून वाटेतच सांगितले, "मी बौद्ध आहे. आधी कळलेले बरे."

साळूबाई चालायची थांबली नाही. "मंग? बौद्ध झाल्यावं जेवत न्हाईत व्हय?"

जेवले. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा मच्छिंद्र म्हणाला, "बाई, पेपरवाला सोडून गेला. गठ्ठे स्टँडवं पडून ऱ्हात्यात. तुमाला वाचायची येवढी हौस, तर वाटा की." मी आठवडाभर वाटायचे ठरवले. अजून वाटते आहे. त्या उत्पन्नातून नवल्यांच्याच आळीत खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि पुढे ओटा असे घर घेतले. माझी स्वकष्टार्जित मिळकत ती हीच. वडिलोपार्जित म्हणावे तर फक्त आवाज.

आता व्यवस्था.

एक. माझी पुस्तके, दोन कपाटे भरून व पलंगाखाली आहेत ती सगळी, गावच्या वाचनालयाला द्यावीत. कपाटांना कुलूप लावू नये. पुस्तक चोरीला गेले तर दुःख करू नये. चोरणारा निदान पहिली दहा पाने वाचतो, सत्कारात मिळालेले पुस्तक कोणी उघडतही नाही. समासात मी पेन्सिलीने भांडणे केली आहेत, ती खोडू नयेत. वाचणाऱ्याने माझ्याशी भांडावे, जागा ठेवली आहे.

दोन. भाषणाचा संच. यात एक माईक, एक अ‍ॅम्प्लिफायर व दोन भोंगे आहेत. हा मी स्वतः घेतला, कारण दुसऱ्याच्या माईकवर बोलणाऱ्याला दुसऱ्याचे ऐकावे लागते. एकदा ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून मी बोलत असताना मच्छिंद्रने वायर काढली. विचारले तर म्हणाला, "बाई, गरम झालं हुतं मशीन." मशीन गार होते. मी हात लावून पाहिला होता. हे मी विसरलेले नाही. तरीही अ‍ॅम्प्लिफायर व भोंगे मच्छिंद्रलाच देते, कारण सप्त्याला, लग्नाला, तापाच्या साथीच्या दवंडीला तो रात्री-अपरात्री धावतो. माईक मात्र महाविद्यालयात शिकवणाऱ्या आरती देठे हिला देते. ती मुद्द्याचे बोलते आणि थांबते. म्हणजे दोघांनी एकत्र आल्याशिवाय गावात आवाज निघणार नाही. मच्छिंद्र नवा माईक विकत घेईल अशी मला भीती नाही. मी त्याला ओळखते.

तीन. बँकेतल्या रकमेतून औषधपाणी व अंत्यविधी भागवून जे उरेल, त्याच्या व्याजातून दरवर्षी मुलींची वक्तृत्व स्पर्धा घ्यावी. पाठ केलेले भाषण चालणार नाही. परीक्षकाने प्रश्न विचारावा आणि जी मुलगी परीक्षकाचे म्हणणे कारण देऊन खोडून काढील तिला पहिले बक्षीस द्यावे. परीक्षकाने राग धरू नये. राग धरणारा परीक्षक दुसऱ्या वर्षी बदलावा.

चार. आईच्या दोन पाटल्या माझा भाचा पंकज याची बायको अश्विनी हिला. तिने त्या घालाव्यात, लॉकरमध्ये ठेवू नयेत. आईने त्या खडी फोडतानाही काढल्या नव्हत्या.

पाच. शेजारी सूर्यभान आवारी यांना काहीही देत नाही. याला दोन कारणे आहेत. वकिलांच्या मते ज्याला काही मिळत नाही असा साक्षीदार उत्तम, आणि सूर्यभानइतका या कामाला लायक माणूस आळीत दुसरा नाही. दुसरे कारण समजण्यासाठी भाकरीची हकिगत सांगावी लागेल, आणि घराच्या अटीसाठीही ती लागणारच आहे.

आमच्याकडे सप्ताह उठतो त्या दिवशी गावजेवण असते. आमटी चुलवणावर एकत्र शिजते, भाकरी घरोघरच्या. घरटी पाच. माणसे पाट्या घेऊन दारोदार फिरतात आणि सगळ्या भाकरी एका ठिकाणी रचतात. मी घर घेतले त्या वर्षी पाटी माझ्या दारावरून पुढे गेली. डावीकडच्या घरी थांबली, उजवीकडच्या घरी थांबली.

मी ओट्यावर उभी राहिले आणि बोलायला लागले. राज्यघटनेपासून सुरुवात केली. मच्छिंद्रच्या डोक्यावर भरलेली पाटी होती, ती उतरवून ठेवायलाही त्याला संधी मिळाली नाही. माझे संपल्यावर म्हणाला, "बाई, तुमी देव मानीत न्हाई. सप्त्याची भाकर मागितली आन तुमाला वाईट वाटलं मंजी? म्हनून पुढं गेलो. मुद्दाम न्हाई गेलो, मान ठिवून गेलो."

"माझे घर मोजले नाही, हा मान?"

"चुकलंच म्हना."

"देवाला मी काही देणार नाही. पण जेवायला माणसे बसतात ना?"

"मान्संच बसत्यात."

"मग माणसांना देईन."

"मंग आना," असे म्हणून तो पाटीसह उभा राहिला.

मी समतेवर इतके बोलले होते आणि घरात पीठ नव्हते. मला भाकरी येतही नव्हती. साळूबाईने तिच्या घरातून पीठ आणले आणि माझ्याच चुलीपुढे मला बसवले. गल्लीत पाटी घेऊन माणसे ताटकळत आणि आत साळूबाई, "इमल, थापायचीय ती. भाषान देतीस का तिला? हात फिरीव." पाच झाल्या. एकही गोल नव्हती.

माझी आजी जामखेडकडे उंबऱ्याबाहेर उभी राहून भाकरी मागत असे. आमच्या वाट्याचे ते कामच होते. तिच्या नातीच्या दारात गाव भाकरी मागायला उभे राहिले, थांबून राहिले, आणि पाटलाच्या भाकरी ज्या पाटीत, त्याच पाटीत तिच्या पडल्या. मी पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत. समतेचा अर्थ मला त्या दिवशी हाताला चटके बसून कळला. त्या रचलेल्या भाकरींत कोणाची कोणती हे ओळखू येऊ नये, हेच त्या जेवणाचे मोठेपण. माझ्या ओळखू येतात, पण त्याचे कारण वेगळे आहे.

त्या जेवणात सूर्यभानने माझी भाकरी ताटातून उचलून बाजूला ठेवली. मी पाहिले. त्याच्याशी बरीच वर्षे बोलले नाही, पेपर मात्र न चुकता टाकला. पुढे साळूबाईने खुलासा केला की त्याच्या दाढा नाहीत. विचारले तेव्हा सूर्यभान म्हणाला, "बाई, तुमची भाकर खायला दाढा पायजेत, आन पचवायला जिगर. माझ्याकडं दोनी न्हाई." या खुलाशाने माझे समाधान झाले की नाही, ते मी सांगत नाही. हल्ली तो माझी भाकरी आमटीत बुडवून ठेवतो आणि सगळ्यांच्या शेवटी उठतो. तरी त्याला काही देत नाही.

सहा. घर. याच कलमासाठी हा सगळा खटाटोप आहे.

माझ्या घरात तीन वर्षांपासून शुभांगी घोडके राहते. श्रीगोंद्याकडची आहे, रुग्णालयात परिचारिका आहे. ती रुजू झाली तेव्हा गावात भाड्याची खोली मिळेना, कारण काजव्यांच्या आणि धरणाच्या पर्यटकांमुळे ज्याच्या-त्याच्या माडीवर लॉजची पाटी लागली आहे. खोलीला एका रात्रीचे इतके मिळत असताना महिन्याने कोण देणार? बॅग घेऊन स्टँडवर बसली होती. मी पेपरचे गठ्ठे घ्यायला गेले होते. तिलाही घेऊन आले.

पंकज हा माझ्या भावाचा मुलगा, पुण्यात नोकरीला आहे. वाईट नाही. दर फोनला म्हणतो, "आत्या, तिथं आपलं कोण आहे? वाघोलीला ये, लिफ्ट आहे." गेल्या दिवाळीत तो एका माणसाला घेऊन आला आणि त्या माणसाने माझ्याशी बोलता बोलता टेपने ओटा मोजला. तेव्हापासून मला एकच चिंता आहे: मी गेल्यावर हे घर लॉज होणार. गाव घरे मोजील आणि एक कमी भरेल. स्टँडवर बॅग घेऊन बसलेल्या बाईला घेऊन यायला दार उरणार नाही.

म्हणून मी घर शुभांगीच्या नावाने लिहिले आणि आज सकाळी सगळ्यांना ओट्यावर बोलावून वाचून दाखवले. पंकजलाही मुद्दाम बोलावले होते. त्यानंतर जे घडले ते जसेच्या तसे नोंदवते, म्हणजे उद्या कोणी कोर्टात "आत्याला फूस लावली" म्हणू नये.

पंकज उठून उभा राहिला. "आत्या, रक्ताचा मी आहे. आणि लॉज केला तर बिघडलं काय? लोक येऊन राहणारच ना?"

मी म्हटले, "लॉजमध्ये माणूस जायची वेळ ठरवून येतो. मी इथे आले तेव्हा गाडी गेली होती. तुझ्या लॉजने मला रात्रीचे भाडे मागितले असते, आणि ते माझ्याकडे नव्हते. मग पेपर कोणी वाटले असते?"

"भाषण नको, आत्या."

"भाषण अजून सुरू व्हायचे आहे."

तेवढ्यात शुभांगी ड्यूटीवरून आली. तिने उभ्याउभ्या ऐकले आणि म्हणाली, "बाई, मला नको घर."

"का?"

"माझी बदली कधीही होईल. तीन वर्षं झाली. उद्या राहुरीला टाकलं तर मी कुलूप लावून जाणार, आणि परवा मलाही पैशाची गरज लागणार. मग लॉजवाल्याला पंकजदादांनी विकलं काय आणि मी विकलं काय, एकच ना?"

मला उत्तर सुचले नाही. हे प्रथमच घडले असल्याने मच्छिंद्रने सर्वांना त्याची नोंद घ्यायला सांगितले.

साळूबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती पंकजला म्हणाली, "पोरा, तुझ्या शेजारी कोन ऱ्हातं तकडं?"

"चारशे तीनवाले."

"नाव?"

पंकजने बराच विचार केला. "आडनाव काहीतरी... त्यांचं कुरियर येतं कधी कधी."

"आन त्यांला तुझं म्हाईत हाय?"

"नसेल."

"पाच वर्सं झाली ना रं ऱ्हायला?" तिने एवढेच विचारले आणि त्याच्या हातात चहाचा कप दिला. पंकज चहा पिईपर्यंत तिने, सूर्यभानने आणि मच्छिंद्रने मिळून त्याच्याकडून त्याचा पगार, मुलीची शाळा, बायकोचे माहेर, केस लवकर का गळाले आणि आईचे गुडघे हे सर्व काढून घेतले. सूर्यभानने गुडघ्यावर पाला सांगितला. डॉक्टरांनी तो लावू नका म्हणून सांगितले. त्यावर दोघांचे जुंपले. पंकज हसायला लागला. मला तो लहानपणी हसायचा तसा हसताना पुष्कळ वर्षांनी दिसला.

मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्या, घर माझ्या नावावर कर. लॉज नाही करत. विकणार नाही असं लिहून घे. खाली बदलीवर आलेलं कोणी ना कोणी राहू दे. पण वरची खोली मला ठेव. अश्विनी आणि पोरीला घेऊन येत जाईन."

"आणि तो टेपवाला?"

"त्याला मी फोन करतो."

"आत्ता कर." त्याने ओट्यावरूनच केला. गोरक्ष वकिलांनी कान देऊन ऐकला.

त्याप्रमाणे सहावे कलम आता असे वाचावे. घर पंकजला देते. त्याने ते विकू नये, गहाण टाकू नये, लॉज, हॉटेल वा तत्सम काही करू नये. केल्यास घर वाचनालयाकडे जाईल. खालच्या खोल्यांत शुभांगीने हवे तितके दिवस राहावे, आणि ती गेल्यावर गावात नव्याने आलेल्या, खोली न मिळालेल्या कोणालाही ठेवावे. जात विचारू नये. त्यांनी सांगितलीच तर पुढे चालत राहावे. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढू नये. आणि घरात कोणीही राहत असो, सप्ताह उठेल त्या दिवशी या दारातून पाच भाकरी जाव्यात. गोल नसल्या तरी चालतील.

सात. माझा अंत्यविधी राजूरलाच बौद्ध पद्धतीने करावा. जामखेडच्या नातेवाइकांनी यावे, जेवावे, पण मला नेऊ नये. आपल्या जिल्ह्यात श्रद्धांजलीच्या निमित्ताने पुढारी निवडणुकीचे बोलून घेतात. माझ्या वेळी जो "ताईंचे स्वप्न आम्ही पूर्ण करू" म्हणेल त्याला कोणते स्वप्न ते तिथेच विचारावे. हे काम आरतीने करावे. फ्लेक्स लावायचाच असेल तर हात वर केलेला फोटो घ्यावा, हात जोडलेला घेऊ नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आरती देठे यांनी करावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरणाचा विचार करायला सवड झाली नव्हती.

आठ. हे कलम शेवटी वाढवले, कारण सही करायच्या आधी पंकजने अडवले. म्हणाला, "आत्या, एक राहिलं. मी इथं आलो की स्टँडपासून घरापर्यंत सगळे विचारतात, कधी आलास, कधी जाणार. आलास विचारलं तर चालेल. जाणार कधी, हे विचारायचं नाही, असं घाल."

सूर्यभान म्हणाला, "ते न्हाई व्हायचं. इचारल्याबिगर करमत न्हाई आमाला."

गोरक्ष वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्राने गावाला अट घालता येत नाही. कोर्टात टिकणार नाही."

पंकजने नुसते माझ्याकडे पाहिले. पालातून पालात हलताना, नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी मी वडिलांकडे असेच पाहत असे.

म्हणून लिहिते: पंकज, त्याची बायको व मुलगी यांना राजूरमध्ये कोणीही, कोणत्याही कारणाने, कधी जाणार असे विचारू नये. अट टिकणार नाही, हे मला समजावून सांगण्यात आले आहे. मी ती समजून-उमजून घालत आहे.

ठिकाण: राजूर, घराचा ओटा
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

सही
विमल कारभारी भिंगारदिवे

विमलबाईंनी आम्हां दोघांच्या समक्ष वरील मजकूर वाचला व सही केली, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. वाचताना त्यांनी मध्ये भाषण केले नाही असे लिहावे, अशी त्यांची इच्छा होती. ते खरे नसल्याने लिहिले नाही.

साक्षीदार:
१. डॉ. कल्याण वाकचौरे, राजूर. (शुद्धीवर असल्याची खात्री केली.)
२. सूर्यभान आवारी, राजूर. (सही केली. आठवं कलम आळीत सांगितलं. साळूबाईनं पंकजला जाताना इचारलं, "परत कधी येनार?" हे चालतं का, ते वकिलांनी बघावं.)